लॅम्डा बूटिसभोवतीची धूळ: चकती की वाटेतला ढग?

भूतप तारकासमूहात, सप्तर्षींच्या शेपटीच्या टोकाला असलेल्या मरीचीपासून साधारण सहा अंशांवर, चौथ्या प्रतीचा एक पांढरा तारा आहे. त्याचं नाव लॅम्डा बूटिस. अंतर सुमारे ३० पार्सेक, म्हणजे शंभरेक प्रकाशवर्षं. १९४३ साली मॉर्गन, कीनन आणि केलमन यांनी ताऱ्यांच्या वर्णपटांचं वर्गीकरण बसवलं, तेव्हाच हा तारा वेगळा म्हणून नोंदला गेला. बामर रेषा, म्हणजे हायड्रोजनच्या रेषा, ए प्रकारच्या (सूर्यापेक्षा तप्त, पांढऱ्या) ताऱ्याला शोभतील अशा होत्या, पण कॅल्शियमची एक फिकट के रेषा सोडली तर बाकी धातूंच्या रेषा जवळजवळ दिसतच नव्हत्या.

या ताऱ्याभोवती धूळ आहे. यावर आता वाद राहिलेला नाही. प्रश्न असा आहे की ती धूळ ताऱ्याची स्वतःची, त्याच्याभोवती चकतीसारखी फिरणारी आहे, की तारा ज्या आंतरतारकीय ढगातून चालला आहे त्या ढगाची? आणि ताऱ्याच्या पृष्ठभागावरच्या विचित्र रसायनाशी तिचा संबंध आहे का? या दोन प्रश्नांची उत्तरं शोधताना अवरक्त मोजमापं कुठे कामी आली आणि कुठे अपुरी पडली, हे या एका ताऱ्याच्या प्रकरणात फार स्वच्छ दिसतं. म्हणून ते सविस्तर मांडतो आहे.

धुळीचा संशय मुळात का आला

रासायनिकदृष्ट्या विलक्षण तारे म्हटलं की आधी आठवतात ते प्रेस्टन यांनी १९७४ मध्ये चार गटांत विभागलेले तारे: धातुरेषांचे एएम तारे, चुंबकीय एपी तारे, पारा-मँगनीजचे तारे आणि हीलियम कमी असलेले तारे. यांच्यातली विलक्षणता आतून येते. ताऱ्याचे वरचे थर शांत असले की काही मूलद्रव्यं गुरुत्वाने खाली बसतात आणि काही प्रारण दाबाने वर ढकलली जातात. मिशो यांनी १९७० मध्ये मांडलेलं हे विसरणाचं स्पष्टीकरण या ताऱ्यांना चांगलं लागू पडतं. बाहेरून काही यायची गरजच नसते. त्यामुळे या गटांत धूळ शोधण्यामागे भक्कम सैद्धांतिक कारण नाही. शोध झाले ते प्रामुख्याने ‘आहे का बघू’ या वृत्तीने.

लॅम्डा बूटिस आणि त्याच्यासारखं रसायन असलेल्या ताऱ्यांच्या गटाचं तसं नाही. इथे लोह, मॅग्नेशियम, सिलिकॉन, टायटॅनियम कमी आहेत, काही ताऱ्यांत सूर्याच्या तुलनेत शंभरपटीपर्यंत कमी. पण कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजन आणि गंधक सूर्याइतकेच आहेत. ही विभागणी ओळखीची आहे. जी मूलद्रव्यं उच्च तापमानालाच घन होऊन धुळीच्या कणांत अडकतात, तीच इथे कमी आहेत. जी वायुरूपात राहतात, ती जागेवर आहेत. आंतरतारकीय वायूचं रसायनही असंच असतं. १९९० साली व्हेन आणि लँबर्ट यांनी हे साम्य दाखवून दिलं आणि सुचवलं की हे तारे धूळ वगळून फक्त वायू गिळत असावेत.

ए प्रकारच्या ताऱ्याला हे जमू शकतं. त्याच्या तेजाचा दाब बारीक कणांना बाहेर लोटतो. वायूवर तो तितका चालत नाही, म्हणून वायू आत पडतो. शिवाय अशा ताऱ्याचा वरचा संनयन थर, म्हणजे सतत ढवळला जाणारा थर, फार पातळ असतो. त्यामुळे वरून थोडा वायू पडत राहिला तरी पृष्ठभागाचं रसायन बदलून जातं. टर्कोट आणि शार्बोनो यांनी १९९३ मध्ये याचं गणित मांडलं. वर्षाला सूर्याच्या वस्तुमानाच्या एक दशसहस्र-अब्जांश, म्हणजे दहाचा उणे तेरावा घात, इतका वायू पुरतो. पुरवठा थांबला तर सुमारे दहा लाख वर्षांत खूण पुसली जाते.

यातली शेवटची गोष्ट महत्त्वाची आहे. खूण टिकाऊ नसेल, तर वायूचा स्रोत आज, निदान अगदी अलीकडे, ताऱ्याजवळ असायला हवा. आणि वायूपासून वेगळी काढलेली धूळ कुठेतरी तापून अवरक्तात चमकत असायला हवी. एरवी धुळीचा शोध हा कुतूहलाचा विषय राहिला असता. इथे ती एका सिद्धांताची थेट परीक्षा ठरते.

आधी तारा किती, ते ठरवा

अवरक्त आधिक्य म्हणजे वजाबाकी. मोजलेल्या प्रकाशातून ताऱ्याच्या दीप्तिगोलाचा, म्हणजे प्रकाश सोडणाऱ्या पृष्ठभागाचा, अपेक्षित प्रकाश वजा करायचा, आणि उरलेला भाग दोन्हींच्या एकत्रित अनिश्चिततेच्या निदान तिप्पट आहे का ते पाहायचं. सगळी गोम ‘अपेक्षित’ या शब्दात आहे. विलक्षण ताऱ्यांच्या बाबतीत नेमकी तीच बाजू लंगडी असते.

सामान्य ए ताऱ्यासाठी सूर्यासारख्या रसायनाचं प्रारूप घ्यायचं आणि सर्व पट्ट्यांतल्या मोजमापांवर बसवायचं, ही रीत. लॅम्डा बूटिसमध्ये धातूंच्या रेषाच कमी, म्हणून अतिनील भागातलं शोषणही कमी. परिणामी तारा अतिनीलात जास्त उजळ दिसतो. सूर्यासारखं प्रारूप अतिनीलासकट बसवलं, तर ते हा जादा उजेड जास्त तापमानाच्या खात्यावर टाकतं आणि सगळी वक्ररेषा सरकते. चुंबकीय एपी ताऱ्यांत उलट घडतं. तिथे अतिनीलात अडलेली ऊर्जा दृश्य भागात बाहेर पडते आणि ५२० नॅनोमीटरच्या आसपास रुंद खळगा उमटतो. त्यांच्यावर दृश्य रंगांवरून तापमान काढून अवरक्ताचा अंदाज बांधणं धोक्याचं असतं.

सुटका अशी की दूरच्या अवरक्तात हा प्रश्न बराच सौम्य होतो. सुमारे ८७०० केल्व्हिनच्या ताऱ्याचा प्रकाश २ मायक्रॉनपलीकडे तरंगलांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घसरतो आणि त्या घसरणीचा आकार तापमानावर फारसा अवलंबून नसतो. म्हणून प्रारूप निकट अवरक्तात, विशेषतः २.२ मायक्रॉनच्या के पट्ट्यात टेकवायचं आणि तिथून पुढे ओढायचं. के पट्ट्यातून ७० मायक्रॉनपर्यंत जाताना दीप्तिगोलाचा प्रकाश साधारण हजारपट उतरतो.

इथेच या ताऱ्याची दुसरी अडचण आहे: तो जास्त उजळ आहे. टूमाससारख्या निकट अवरक्त सर्वेक्षणात इतक्या उजळ ताऱ्यांची मोजमापं संपृक्त होतात आणि पाव प्रतीपर्यंत अनिश्चित असतात. वाइज दुर्बिणीच्या ३.४ आणि ४.६ मायक्रॉनच्या पट्ट्यांतही हाच त्रास आहे. त्यातही ४.६ मायक्रॉनचा पट्टा उजळ ताऱ्यांना खऱ्यापेक्षा जास्त तेज देतो, हे माहीत असलेलं वैगुण्य आहे. सूचीतला आकडा तसाच उचलला, तर तिथे ‘गरम धूळ’ सापडल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात तो संवेदकाचा दोष असतो. अशा ताऱ्यांसाठी जुनी, एकेका ताऱ्यावर दुर्बीण रोखून घेतलेली प्रकाशमापनं आजही जास्त भरवशाची आहेत, असं माझं ठाम मत आहे. २४ मायक्रॉनला दहा टक्के आधिक्य शोधायचं असेल आणि पायाच वीस टक्क्यांनी डळमळत असेल, तर पुढचं सगळं व्यर्थ जातं.

लॅम्डा बूटिसच्या बाबतीत मात्र निकाल काठावरचा नव्हता. १९८३ साली आयरास उपग्रहाने १२, २५, ६० आणि १०० मायक्रॉनमध्ये आकाश पाहिलं. अभिजित ताऱ्याभोवतीची धूळ त्याच मोहिमेत सापडली, आणि अभिजितच्या वर्णपटातही या गटाची सौम्य लक्षणं आहेत. लॅम्डा बूटिसच्या नोंदींतही दूरच्या अवरक्तात आधिक्य आढळलं. पुढे ७० मायक्रॉनला ते दीप्तिगोलाच्या अनेक पट असल्याचं स्पष्ट झालं. पायात थोडी चूक असती तरी हे आधिक्य नाहीसं होणार नव्हतं.

पण आयरासची ६० मायक्रॉनची नजर कलेच्या, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाच्या, मापात होती. इतक्या ढोबळ नजरेत ताऱ्यामागची धूसर दीर्घिका, वाटेतले आंतरतारकीय धुळीचे विरळ पदर आणि ताऱ्याची स्वतःची चकती सगळं एकाच ठिपक्यात येतं.

दुसरा संशयित

२००२ मध्ये काम्प आणि पाउन्झेन यांनी वायूचा स्रोत बाहेर ठेवला. तारा एखाद्या विरळ आंतरतारकीय ढगातून जातो, ढगातला वायू ताऱ्याकडे ओढला जातो, आणि धूळ प्रारण दाबाने वळवली जाऊन ताऱ्याच्या पुढे परवलयाकार पोकळीच्या कडेवर साचते. तीच कडा तापून अवरक्तात चमकते. या कल्पनेत एक मोठी सोय आहे. ए ताऱ्यांपैकी जेमतेम दोन टक्केच या गटात का येतात, हे आपोआप सुटतं, कारण योग्य वेळी योग्य ढगात असलेले तारे थोडेच असणार.

आणि अशी कडा, म्हणजे ताऱ्यापुढची धुळीची लाट, प्रत्यक्ष दिसलीही. स्पिट्झर दुर्बिणीच्या २४ मायक्रॉनच्या चित्रात नौकेतल्या डेल्टा व्हेलोरम ताऱ्यापुढे धनुष्याकार कमान उमटली आणि २००८ साली गास्पार यांच्या गटाने तिचं प्रारूप मांडलं. डेल्टा व्हेलोरम स्वतः लॅम्डा बूटिस गटातला नाही, तरी धडा मोठा होता. नजर ढोबळ असती तर ही कमान ‘धुळीची चकती’ म्हणूनच नोंदली गेली असती.

तेव्हा लॅम्डा बूटिसभोवती धूळ आहे एवढं म्हणून भागत नव्हतं. धूळ ताऱ्यापासून किती लांब आहे, हे कळायला हवं होतं.

तापमान आणि आकार एकत्र ठेवले तेव्हा

इथलं भौतिकशास्त्र मला फार देखणं वाटतं, म्हणून थोडं थांबतो. हा तारा सूर्याच्या साधारण सोळापट तेजस्वी धरू. पूर्ण काळ्या कणाचं तापमान १०० खगोलीय एककांवर (एक एकक म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतर) सुमारे ५५ केल्व्हिन येतं, ३० एककांवर सुमारे १०० केल्व्हिन. ३० पार्सेकवरून पाहताना ३० एककं म्हणजे एक विकला (कलेचा साठावा भाग), आणि १०० एककं म्हणजे सव्वातीन विकला.

आता कण बारीक असेल तर? दशांश मायक्रॉनचा कण ताऱ्याचा दृश्य प्रकाश नीट शोषतो, पण स्वतःच्या आकाराच्या कित्येक पट लांब तरंगलांबीला ऊर्जा बाहेर टाकणं त्याला जड जातं. म्हणून त्याच अंतरावर तो मोठ्या कणापेक्षा जास्त तापतो. उलट बाजूने पाहू. वर्णपटावरून धुळीचं तापमान कळलं, आणि कण बारीक असतील असं धरलं, तर ते ताऱ्यापासून खूप लांब असायला हवेत. चित्रात धुळीचा डाग मोठा दिसायला हवा.

ढगातली धूळ अशीच बारीक असते. चकतीतली धूळ तशी नसते, कारण ए तारा सर्वांत बारीक कण आपल्या तेजाने उडवून लावतो. मागे उरतात ते मायक्रॉनभर आणि त्याहून मोठे कण. म्हणजे दोन संशयितांना वेगळं करायला एकच जोडमाप पुरतं: इतक्या तापमानाला डाग किती मोठा आहे?

ही नजर हर्शेल अवकाश दुर्बिणीकडे होती. साडेतीन मीटरचा आरसा आणि ७०, १०० व १६० मायक्रॉनचे पट्टे. ७० मायक्रॉनला तिची विभेदनक्षमता सहा विकलांच्या आसपास होती, म्हणजे तिसेक पार्सेकवरच्या ताऱ्याभोवतीची शंभरेक एककांची चकती रुंद दिसू शकत होती. जवळच्या ताऱ्यांच्या ‘डेब्रिस’ नावाच्या हर्शेल सर्वेक्षणात ए ताऱ्यांच्या ज्या चकत्या रुंद दिसल्या, त्यांचा अभ्यास बूथ यांच्या गटाने २०१३ मध्ये दिला. त्यात लॅम्डा बूटिसची चकती आहे. ताऱ्याच्या दोन्ही बाजूंना पसरलेली, ताऱ्याभोवती बांधलेली धूळ, पुढच्या अंगाला झुकलेली कमान नव्हे.

एका ताऱ्यावरून गटाबद्दल बोलता येत नाही. २०१६ मध्ये ड्रेपर यांच्या गटाने या प्रकारचे पक्के ठरलेले नऊ तारे हर्शेलने पाहिले. तिघांच्या चकत्या नीट रुंद दिसल्या. उरलेले सहा ठिपकेच राहिले, पण त्या ठिपक्यांनीही साक्ष दिली. त्यांची धूळ आपल्या तापमानाच्या मानाने फार आटोपशीर होती. ढगाच्या लाटेची प्रारूपं त्याहून गरम धूळ देत होती. माझ्या मते या कामातला सर्वांत मोलाचा भाग हाच. चित्रात काही न दिसणं हेसुद्धा, तापमान हाताशी असेल तर, मोजमाप असतं.

धूळ सापडली, रसायन सुटलं नाही

इथे प्रकरण मिटलं असं वाटेल. तसं नाही. ढगाच्या बाजूचा दावा मागे पडला, पण चकतीतून ताऱ्यावर वायू पोचतो कसा?

सर्वांत सोपा मार्ग म्हणजे पॉइंटिंग-रॉबर्टसन ओढ. ताऱ्याच्या प्रकाशामुळे कणांचा कोनीय संवेग कमी होतो आणि ते हळूहळू आत घसरतात. आत गेल्यावर त्यांच्यातलं बाष्पनशील द्रव्य वायू होतं. याचा ढोबळ अंदाज कागदावर करता येतो. आत येणाऱ्या धुळीचा दर चकतीच्या अवरक्त तेजाला प्रकाशवेगाच्या वर्गाने भागून जेवढा येतो तेवढा, त्याच घाताचा. सोळा सूर्यांच्या तेजाचा दहा हजारावा भाग चकती अडवते, असं सढळ हाताने धरलं तरी वर्षाला सुमारे दोनशे लाख कोटी किलोग्रॅम येतात. गरज आहे दोन लाख लाख कोटी किलोग्रॅमची. हजारपट कमी. ड्रेपर यांच्या गटानेही हा मार्ग अपुरा ठरवला आणि त्याऐवजी चकतीत आत्ता चालू असलेल्या उलथापालथीकडे बोट दाखवलं: लघुग्रहांच्या मोठ्या टकरी, किंवा आत येणाऱ्या धूमकेतूंचा वाढलेला ओघ.

या सूचनेशी माझं मन पूर्ण जुळत नाही. आकडा आधी पाहू. हॅलेच्या धूमकेतूचं वस्तुमान सुमारे २२० लाख कोटी किलोग्रॅम. वरची गरज फक्त वस्तुमानाने भागवायची तर दरवर्षी हजारभर हॅले ताऱ्यावर पडायला हवेत. हे एक वेळ चालेल, कारण धूमकेतूत कार्बन-ऑक्सिजन सूर्यद्रव्यापेक्षा कितीतरी दाट असतो, म्हणून त्यांच्या भरपाईला बरेच कमी पुरतील. खरी अडचण हायड्रोजनची आहे. लोह कमी दिसायचं, तर लोह नसलेल्या हायड्रोजनने ते पातळ व्हायला हवं. धूमकेतूचं बर्फ मुख्यतः पाणी, आणि पाण्याच्या वस्तुमानाचे नऊपैकी आठ भाग ऑक्सिजन. लोह पातळ होईल इतकं पाणी ओतलं तर ऑक्सिजन सूर्याच्या प्रमाणाच्या कुठल्या कुठे जाईल. तेव्हा धूमकेतूंना एकट्याने हे काम जमणार नाही. लोह आधी ताऱ्याच्या आतच खाली बसत असेल आणि धूमकेतू फक्त कार्बन-ऑक्सिजनची भरपाई करत असतील, तर कदाचित जमेल.

हायड्रोजनने भरलेला, पण धूळ गाळलेला वायू हवा असेल, तर दोन जागा उरतात. एक म्हणजे ताऱ्याच्या अगदी जवळून फिरणाऱ्या वायुग्रहातून निसटणारा वारा, जो जुरा यांनी २०१५ मध्ये सुचवला. दुसरी म्हणजे तरुण ताऱ्याभोवतीची मूळ वायुमय चकती, जिच्यात मोठा ग्रह धूळ बाहेर अडवतो आणि वायू आत सोडतो. कामा यांच्या गटाने त्याच वर्षी हर्बिग ताऱ्यांत, म्हणजे अजून अशी चकती असलेल्या तरुण तप्त ताऱ्यांत, असा कल दाखवला. ज्यांच्या चकतीत मोठी पोकळी आहे, त्यांच्या पृष्ठभागावर घन होणारी मूलद्रव्यं कमी. फॉल्सम यांच्या २०१२ च्या पाहणीत तर सुमारे निम्म्या हर्बिग ताऱ्यांत लॅम्डा बूटिससारखं रसायन आढळलं होतं. चार महाकाय ग्रहांचं थेट छायाचित्र ज्याच्याभोवती घेतलं गेलं, तो एचआर ८७९९ ताराही याच गटातला आहे, आणि त्याच्याभोवतीही थंड धुळीची रुंद चकती आहे. पण मूळ चकतीचं स्पष्टीकरण प्रौढ ताऱ्यांना पुरत नाही. गटातल्या साऱ्याच ताऱ्यांचं वय कमी नाही, आणि दहा लाख वर्षांची ती मुदत इथे पुन्हा आडवी येते.

तुलना कुणाशी करायची

चकत्या या गटात सामान्यांपेक्षा जास्त आहेत का, यावर अजून एकमत नाही. ड्रेपर यांच्या गटाला ठळक आधिक्याचं प्रमाण जास्त दिसलं. ग्रे यांच्या गटाने २०१७ मध्ये दक्षिण आकाशातले या प्रकारचे ३३ तारे जाहीर करताना वाइजच्या नोंदी तपासल्या, तेव्हा सामान्य ए ताऱ्यांपेक्षा प्रमाण जास्त असल्याचा ठोस पुरावा त्यांना मिळाला नाही.

मला या दोन निकालांत थेट विरोध दिसत नाही. ५५ केल्व्हिनची धूळ सर्वांत जास्त चमकते ती ५० मायक्रॉनच्या पुढे. वाइजचा सर्वांत लांबचा पट्टा २२ मायक्रॉनचा. थंड चकती त्याला जेमतेम जाणवते. ड्रेपर यांचं माप थंड धुळीचं होतं, ग्रे यांचं कोमट धुळीचं. मात्र नऊ ताऱ्यांच्या जोरावर प्रमाण सांगणंही जपूनच करायला हवं. २०१५ मध्ये मर्फी आणि सहकाऱ्यांनी या गटात गणलेल्या २१२ ताऱ्यांची फेरतपासणी केली, तेव्हा बरेच तारे मुळात या गटातले नव्हतेच असं निघालं. जुन्या नमुन्यांवरच्या टक्केवारीत ही भेसळ आहे.

आणि सामान्य ए तारे काही धूळमुक्त नसतात. स्यू यांच्या २००६ च्या पाहणीत, स्पिट्झरने पाहिलेल्या सुमारे १६० ए ताऱ्यांपैकी जवळजवळ एक तृतीयांश ताऱ्यांत आधिक्य होतं, २४ मायक्रॉनलाही आणि ७० मायक्रॉनलाही. शिवाय ते वयानुसार घटतं. तरुण ताऱ्यांभोवती धूळ जास्त, जुन्यांभोवती कमी. म्हणून लॅम्डा बूटिस गटाची तुलना त्याच वयाच्या, त्याच तापमानाच्या सामान्य ताऱ्यांशी, त्याच तरंगलांबीला करायला हवी. हर्शेलला थंड ठेवणारा हीलियम २९ एप्रिल २०१३ ला संपला आणि तेव्हापासून ७० ते १६० मायक्रॉनमध्ये तितकी तीक्ष्ण नजर अवकाशात नाही. लॅम्डा बूटिसबद्दल पुढचा उपयोगी पुरावा आता धुळीतून येण्यापेक्षा वायूतून येण्याची शक्यता मला जास्त वाटते: कॅल्शियमच्या के रेषेतली अरुंद, सरकती शोषणं, जी गटातल्या काही ताऱ्यांत १९९० च्या दशकातच दिसली होती, आणि मिलिमीटर लहरींत कार्बन मोनॉक्साइडचा शोध. आत येणारा वायू हायड्रोजनने भरलेला आहे की फक्त बर्फाची वाफ आहे, याचा छडा तिथूनच लागू शकतो.